पहिला सोमवार थोरल्याचा

खोटं बोलायचं ठरलं ते दवाखान्याच्या जिन्यावर, आणि ते डॉक्टरांनी ठरवलं, असं थोरला सगळ्यांना बजावून सांगायचा. "अजून महिनाभर त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये," असं डॉक्टर म्हणाले होते, हे खरंच आहे. पण त्या एका वाक्यावर थोरल्याने पुढे जे मजल्यावर मजले चढवले, ते काही डॉक्टरांनी सांगितले नव्हते.

घर घड्याळजींचं. खाली दुकान, वर दोन खोल्या. घरात म्हातारे बाबा, ज्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. थोरला मुलगा, त्याची बायको, आणि धाकटा, अजून लग्नाचा राहिलेला. बाबांना हृदयविकाराचा झटका आला, त्यांना दवाखान्यात हलवलं, आणि तिथे ते नळ्यांच्या गुंत्यात पडलेले असताना सहाव्या दिवशी धाकटा गेला. कापडगिरणीच्या फाटकावर एक मोठं घड्याळ आहे, त्याला तेल द्यायला शिडीवर चढला होता. पाय निसटला. खाली फरशी. उचलून कुठे न्यायचीसुद्धा वेळ आली नाही.

तर बाप तिकडे जगायची खटपट करत होता आणि इकडे गल्लीने पोराला पोचवून आणलं.

पंधरा दिवसांनी बाबा घरी आले. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं. पलंगावर टेकले, श्वास जागेवर आला, आणि पहिला प्रश्न हाच, "बारक्या दिसत नाही कुठे?" धाकटा सहा फूट वाढला तरी बाबांचा बारक्याच होता.

थोरल्याची बायको उशी झटकायच्या निमित्ताने खिडकीकडे वळली. थोरला म्हणाला, "त्याला नोकरी लागली, बाबा. घड्याळांच्या कारखान्यात, मोठ्या शहरात. एकदम बोलावणं आलं. तुम्हाला कोणी भेटू देत नव्हते, म्हणून न भेटताच जावं लागलं."

"कारखान्यात?" बाबांचा चेहरा एवढा उजळला की थोरल्याला खाली बघावं लागलं. "मग बरंच झालं की. पोरगं हुशारच आहे. ह्या बोळात किती दिवस कुजणार?"

झालं. थाप लागू पडली. पण थाप एकदा मारून भागत नाही, तिला रोज खाऊपिऊ घालावं लागतं. बाबा म्हणाले, फोन लाव. थोरला म्हणाला, कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, आणि तुम्हाला फोनवर बोलायला डॉक्टरांची मनाई आहे. डॉक्टर बिचारे! त्यांच्या नावावर काय काय खपलं, ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी वैद्यकी सोडली असती. मग दर रविवारी थोरला स्वतःच्याच मोबाइलमध्ये बघून मोठ्याने वाचायचा, "बाबांना नमस्कार. काम फार आहे. तब्येत सांभाळा." ह्याच्यापुढे त्याला सुचायचंच नाही. बाबा म्हणायचे, "एवढंच? आधीच घुमं पोरगं, तिथे जाऊन मुकं झालं की काय?"

भेटायला येणाऱ्यांना थोरला खाली दुकानातच अडवायचा आणि पढवून वर पाठवायचा. विषय निघाला तर नोकरी, कारखाना, खुशाल आहे. बस्स. डोळ्यांत पाणी आणायचं नाही. शेजारचे टेलरकाका पहिल्या दिवशी वर गेले. "आमचा बारक्या कारखान्यात लागला, कळलं का?" असं बाबांनी म्हणताच त्यांनी एवढ्या जोरात "वा वा वा!" केलं की बाबाच दचकले. "अहो, नोकरी लागली आहे, लॉटरी नाही," बाबा म्हणाले. समोरचा औषधवाला तयारीचा गडी. त्याने पगार किती, खोली कुठे, सगळं आपल्या मनाने सांगून टाकलं. पलीकडच्या शाळेच्या हेडबाई तेवढ्या म्हणाल्या, "मला खोटं बोलता येत नाही हो. मी आपली गप्प बसेन."

बायकोला वाटायचं, नवरा बापाच्या काळजीने झुरतोय. गल्लीला वाटायचं, भावाच्या दुःखाने वाळलाय. दोन्ही खरं होतं, खोटं कशाला बोला. पण थोरल्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, आणि ती जगात एकाच माणसाला उमगली असती. बाबांना.

गिरणीच्या घड्याळाचा नेम बाबांनीच घालून दिला होता. महिन्याचा पहिला सोमवार थोरल्याचा. धाकट्याने त्या शिडीला हातसुद्धा लावायचा नाही. साध्या स्टुलावर उभं राहिलं तरी त्याला गरगरायचं. "स्वतःच्याच उंचीला घाबरणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय," असं म्हणून बाबा त्याची थट्टा करायचे, पण चढू कधी द्यायचे नाहीत.

त्या सोमवारी बाबा दवाखान्यात. दुपारी टेलरकाकांच्या दुकानातल्या टीव्हीवर मॅच, तीही फायनल. थोरल्याने गुडघा चोळला. "आज फार दुखतोय रे. तूच जाऊन ये."

धाकटा हेडबाईंचं छोटं मनगटी घड्याळ उघडून बसला होता. डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाला, "दादा, अरे मला तिथे..."

"पाच मिनिटांचं काम. खाली बघू नकोस म्हणजे झालं."

"बरं. दहा मिनिटं दे, ह्याचं झाकण लावतो आणि जातो."

"झाकण काय लावत बसलास! दोनला फाटकवाला कुलूप घालतो. ऊठ आधी!"

धाकटा उठला. दादाचं ऐकायची त्याला लहानपणापासूनची खोड. आणि थोरला पाव तासात टेलरकाकांच्या दुकानात खुर्चीवर बसून टाळ्या पिटत होता. भाऊ पडल्याचा निरोप आला तेव्हा त्याच्या हातात अर्धा कप चहा होता.

हे कोणी विचारलं नाही. बाप आजारी, भावांनी कामं वाटून घेतली असतील, असं लोकांना वाटलं. थोरल्याने वाटू दिलं. बाबांना मात्र "कुठे पडला" एवढं सांगितलं की संपलं, पुढचा प्रश्न ते विचारणारच. म्हणून डॉक्टरांच्या त्या एका वाक्याला थोरला असा चिकटून बसला होता. बापाचं हृदय सांभाळतोय असं म्हणायचं आणि आपलं तोंड लपवायचं. काय म्हणावं ह्याला!

पण लबाडी करायलाही डोकं ठिकाणावर लागतं. थोरला एक गोष्ट साफ विसरला. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या कुठल्या घरात ती चूक चूकच ठरली नसती.

बाबांच्या दुकानाचा एक कायदा होता. उघडलेलं घड्याळ टेबलावर ठेवून उठायचं नाही. दुरुस्ती अर्धी राहिली तरी चालेल, पण चाकं जागेवर घालायची, झाकण लावायचं, मग उठायचं. कोणी हाक मारो, जेवण निवो. बाबांना छातीत कळ आली तेव्हासुद्धा त्यांनी हातातल्या घड्याळाचं झाकण लावलं, चिमटा डबीत ठेवला आणि मग ते जमिनीवर बसले. हे थोरल्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं. आणि तरी धाकट्याला परगावी पाठवताना त्याला हेडबाईंचं घड्याळ आठवलं नाही. ते खाली दुकानात धाकट्याच्या टेबलावर काचेच्या टोपीखाली तसंच उघडं पडलं होतं. तिकडे कोणी फिरकतच नव्हतं, कोणाची छातीच होत नव्हती.

बाबा घरी येऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी हेडबाई आल्या, टेलरकाका आधीच बसले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि बाबांनी सहज विचारलं, "बाई, तुमच्या आईचं ते छोटं घड्याळ, बारक्याने जायच्या आधी दिलं ना तुम्हाला?"

बाई नोकरीबद्दल गप्प बसायची तयारी करून आल्या होत्या. घड्याळाची नव्हती केली. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, आणि जे खरं होतं ते त्यांच्या तोंडून निघून गेलं. "नाही हो. ते अजून खाली टेबलावरच आहे, आत्ता येताना दिसलं. उघडं."

"उघडं?" बाबा म्हणाले. "झाकण न लावता गेला?"

आता बघा, एवढं वाक्य पुरे होतं. मी उठवलं त्याला, बाबा. तो लावत होता, मीच उठवलं. थोरल्याच्या जिभेवर ते आलंसुद्धा. पण ते बाहेर पडलं की त्याच्या मागोमाग सोमवार बाहेर पडणार, शिडी बाहेर पडणार, मॅच बाहेर पडणार. थोरला म्हणाला, "घाईत होता, बाबा."

घाईत होता! मेलेल्या भावाच्या माथी मारायला ह्याला हेच सापडलं.

बाबा टेलरकाकांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? बाप मरणाच्या दारात, आणि हा गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडं टाकून पळाला. मी काय शिकवलं ह्याला?" टेलरकाकांनी मान हलवली. हो म्हणायची की नाही म्हणायची ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नसावं.

त्या दिवसापासून बाबा बदलले. आधी "बारक्याने जेवणाचं काय केलं असेल" असं विचारणारा माणूस, आता जो येईल त्याच्यापुढे त्याची लक्तरं टांगायला लागला. नालायक निघाला. कारखान्याचा पगार दिसला आणि शिकलेलं विसरला. दवाखान्याच्या दारात एक रात्र काढवली नाही त्याच्याच्याने. (ह्या धाकट्याने पाच रात्री दवाखान्याच्या बाकावर काढल्या होत्या, आणि थोरल्याने दोन. बाबा तेव्हा शुद्धीवर नव्हते.) ऐकणारे सगळे धाकट्याला पोचवून आलेले. ते खाली मान घालून बसायचे, पलंगाच्या पायाकडे बघायचे, अधूनमधून "हं" म्हणायचे. औषधवाल्याच्या तोंडून एकदा सवयीने निघून गेलं, "आजकालची पोरं अशीच हो." खाली येऊन त्याने स्वतःच्या तोंडावर फाडकन मारून घेतली आणि थोरल्याला म्हणाला, "शेट, तुमच्या पाया पडतो, आता आवरा हे."

थोरल्याने काय आवरलं? घड्याळ आवरलं. एका सकाळी दार लोटून तो धाकट्याच्या टेबलाशी बसला, काचेची टोपी उचलली आणि घड्याळ पुरं केलं. फार काही उरलंच नव्हतं. तीन स्क्रू आणि झाकण, दहाच मिनिटांचं काम. भिंगातून बघताना त्याला सारखं पुसायला लागत होतं, एवढं डोळ्यांतून पाणी. मग ते घड्याळ तळहातावर घेऊन तो वर गेला. त्याला वाटलं, एवढ्याने बाबांचा राग निवेल.

बाबांनी ते कानाला लावलं, उलटं करून झाकण चाचपलं. म्हणाले, "त्याचं टाकलेलं काम तू उरकलंस."

"हो."

"मी तुला आयुष्यभर दोन नंबरचा समजत आलो रे. तोंडावर बोललो नाही, पण समजत आलो. हात त्याचा हलका म्हणून सगळं प्रेम तिकडे. चुकलं माझं. दुकानाची अब्रू राखणारा तूच निघालास."

थोरला चाळिशीला टेकलेला माणूस. हे शब्द ऐकायला त्याचे कान किती वर्षं तहानलेले होते ते तोच जाणे. आणि शरमेची गोष्ट ही, की क्षणभर त्याला बरं वाटलं. छाती भरून आली. भावाच्या चितेवर हात शेकल्यासारखं ते बरं वाटणं होतं. मग तो न्हाणीघरात गेला, नळ मोठा सोडला आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला.

महिना झाला. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जिन्यात म्हणाले, "आता तब्येत चांगली सावरली आहे. हळूहळू सांगून टाका. गोळी जवळ ठेवा, हवं तर मला बोलवा. पण आता लपवू नका." म्हणजे ज्या वाक्याचा आधार होता तेही गेलं. थोरला बायकोला म्हणाला, "आणखी आठ दिवस जाऊ देत."

"कशाला?" तिने लाटणं खाली ठेवलं. एरवी शांत बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला. "अहो, तो बिचारा गेला तो गेला, वर रोज शिव्या खातोय. मला वहिनी वहिनी करत मागे फिरणारं पोर ते. त्याच्याबद्दल हे ऐकताना मला घास गिळत नाही. तुम्हाला कसा गिळतो?"

"बाबांना काही झालं तर?"

"डॉक्टर नाही म्हणाले ना! तुम्ही कशाला एवढे घाबरता तेच मला कळत नाही."

कळलं नाही तेच बरं, असं थोरल्याच्या मनात आलं आणि स्वतःचीच त्याला किळस आली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तिघंही आले होते, टेलरकाका, हेडबाई, औषधवाला. बाबा आता खुर्चीत बसू लागले होते. थोरल्याने रिवाजाप्रमाणे मोबाइल काढला. "बारक्याचा निरोप आलाय. बाबांना नमस्कार..."

"बंद कर ते." बाबांनी हात उचलला. "बरं झालं सगळे इथे आहात, ऐका. ह्या घरात आता त्याचं नाव काढायचं नाही. त्याचं टेबल विकून टाका. मला एकच मुलगा. दुसरा होता, तो माझ्या लेखी मेला."

औषधवाल्याने डोळे मिटून घेतले. टेलरकाका पुटपुटले, "मास्तर, असं नका हो बोलू."

"का? काय खोटं बोललो?"

हेडबाई उठल्या आणि चपला न घालता हातात घेऊनच जिना उतरल्या. मागोमाग बाकीचे दोघे. थोरला त्यांना पोचवायला खाली आला तेव्हा बाई दुकानाच्या काउंटरला धरून उभ्या होत्या.

"उद्यापासून मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "मला ऐकवत नाही. जायच्या आदल्या दिवशी रस्त्यात भेटला तेव्हा तो मला म्हणाला होता, बाई, उद्या संध्याकाळी तुमचं घड्याळ तयार. तो मुलगा असं टाकून जाणारा नव्हता हो. कोणीतरी सांगा ना त्यांना." आणि रडत निघून गेल्या.

थोरला वर आला. पाय कसे चढले ते त्याला आठवत नाही. बायकोला म्हणाला, गोळी आणि पाणी आण. मग बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला.

"बाबा, बारक्या नोकरीला गेलेला नाही."

"मग कुठे उलथलाय?"

"बाबा, तो वारला. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. गिरणीच्या घड्याळावरून पडला."

बाबांच्या बोटांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. बायको गोळी घेऊन पुढे झाली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"कधी?"

"सोमवारी."

"पहिल्या?"

"हो."

"पहिला सोमवार तुझा," बाबा म्हणाले.

मग थोरल्याने सगळं सांगितलं. गुडघा दुखत नव्हता, हे सांगितलं. मॅच होती, हे सांगितलं. धाकटा नको म्हणत होता, हेही सांगितलं. बायको तिथेच दाराला टेकून ऐकत होती, तिच्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

बाबांनी छाती धरली नाही, आरडाओरडा केला नाही. त्यांनी एकच विचारलं, आणि ते गुडघ्याबद्दल नव्हतं, मॅचबद्दलही नव्हतं.

"म्हणजे झाकण लावतो म्हणत होता तो?"

"हो, बाबा."

"कसं म्हणाला? त्याच्या तोंडचं सांग."

"दहा मिनिटं दे, ह्याचं झाकण लावतो आणि जातो."

"म्हणत होता," बाबा म्हणाले. "माझं लेकरू लावतो म्हणत होतं." आणि त्यांचा बांध फुटला. हमसून हमसून रडले. पण त्या रडण्यात एक सुटकाही होती, ती थोरल्याला स्पष्ट दिसली, आणि दिसली तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगा गेल्याचं दुःख बापाला सोसणार नाही म्हणून जे चाललं होतं, त्याने मुलगा वाईट निघाल्याचं दुःख त्यांना रोज पाजलं होतं. आणि ते जास्त कडू होतं.

सून जवळ बसून त्यांची पाठ चोळत राहिली. रडणं ओसरलं. गोळी घेतली, दोन घोट पाणी घेतलं. मग बाबांनी विचारलं, "पोचवायला कोण होतं?"

"सगळी गल्ली."

"टेलर?"

"पुढे तेच होते, बाबा."

"औषधवाला?"

"हो."

"बाई?"

"शाळा लवकर सोडून आल्या होत्या."

बाबा बघत राहिले. थोरल्याला आधी कळलं नाही, मग त्यांचा चेहरा बदलताना दिसला आणि कळलं.

"म्हणजे मघाशी मी बोललो तेव्हा..."

"त्यांना माहीत होतं."

"आणि रोज बोलायचो तेव्हा?"

"माहीत होतं, बाबा."

बाबांनी मांडीवरची चादर दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडावर ओढून घेतली. कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला, सत्तर वर्षं ताठ मानेने गल्लीतून चाललेला माणूस, आणि तो आपल्याच खोलीत आपल्याच पोरापुढे तोंड झाकून बसला.

"बाबा, तुमचं काय चुकलं?" थोरला कळवळून म्हणाला. "चूक माझी."

"चूक तुझी," चादरीतून आवाज आला, "पण जीभ माझी होती. मेलेल्या पोराला त्याच्याच बापाने शिव्या द्यायच्या, आणि ज्यांनी त्याला पोचवलं त्यांनी समोर बसून ऐकायच्या. मी 'मेला' म्हणालो रे, त्यांच्यासमोर. आणि तू तिथे उभा. तुला ऐकवलं कसं?"

थोरल्याला वाटलं, त्यांनी एक कानाखाली द्यावी. दोन द्याव्यात. त्यांनी काहीच दिलं नाही.

"कोणाला वर पाठवू नकोस," बाबा म्हणाले. "मला लाज वाटते."

"बाबा..."

"जितक्यांसमोर मी बोललो, तितक्यांसमोर तू बोल. माझ्या बारक्याने उघडं टाकलं नाही, असं सांग. कोणी उठवलं ते सांग. एकूण एक घरी जाऊन सांग. मग बघू."

बायको बाजूला सरकली, त्याला वाट द्यायला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. थोरला जिना उतरला, दुकान ओलांडलं आणि पहिलं घर घेतलं ते शेजारचं.

टेलरकाका एकटेच होते, कापड पसरून नुसते बसले होते, कात्री बाजूला. थोरल्याला बघून त्यांनी पायाने खुर्ची पुढे सरकवली. "ये, बस. मास्तर शांत झाले का? चहा टाकू?"

थोरला बसला नाही. "काका, त्या सोमवारी गिरणीवर जायची पाळी माझी होती."

"कुठल्या सोमवारी?" काकांनी विचारलं, आणि मग त्यांचं त्यांनाच आठवलं. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा थोरल्याकडे पाहिलं.

"तो नको म्हणत होता," थोरला म्हणाला. "झाकण तरी लावू दे म्हणत होता. मी उठवलं त्याला, आणि इथे येऊन बसलो."

खुर्ची काकांनी हळूच परत आपल्याकडे ओढून घेतली. थोरला दुकानाची पायरी उतरून समोर औषधवाल्याकडे निघाला.